झेंड्याच्या ओट्यावरचं भाषण

फोन आला तेव्हा मी वावरात होते. सोयाबीन चांगलं मांडीपर्यंत आलं होतं, बायका निंदण करत होत्या आणि मी त्यांच्यासाठी चहाची किटली घेऊन धुऱ्यावरून चालले होते. पंचायत समितीतून फोन होता. पलीकडचा माणूस म्हणाला, "सरपंच साहेबाले द्या."

"बोला. मीच सरपंच."

"हो, ते माहीत आहे ताई. साहेबाले द्या ना जरा."

हे मला नवीन नव्हतं. माझं माहेर शेलूबाजारचं, सासर मेडशीहून थोडं आत, टेकडीच्या पायथ्याशी. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, मी बी. ए. झालेली, म्हणून गावानं मला निवडून दिलं आणि साहेब म्हणायला लागलं माझ्या नवऱ्याला. नवरा भला माणूस. माझ्या नावाची सही त्यानं कधी केली नाही. पण स्टँडवर कुणी 'या सरपंच साहेब' म्हटलं की तो मागं वळूनही पाहायचा आणि चहाही प्यायचा.

मी म्हटलं, साहेब बाहेरगावी आहेत, काय असेल ते मला सांगा. तेव्हा कुठं त्यानं सांगितलं. पंधरा ऑगस्टला दिल्लीला जायचं होतं. लाल किल्ल्यावर पंतप्रधान झेंडा फडकवतात, देशाशी बोलतात, ते समोर बसून ऐकायला काही गावांचे सरपंच पाहुणे म्हणून निवडले होते. घरोघर नळ पोचलेल्या गावांत आमच्या गावाचं नाव होतं. सोबत घरातलं एक माणूस नेता येणार होतं.

बायकांना मी तिथंच सांगितलं. त्यांनी विळे खाली ठेवले आणि मलाच घेरलं. एकीनं विचारलं, "विमानानं?" मी म्हटलं, अकोल्याहून रेल्वेनं. त्यावर ती जरा नाराज झाली. पण संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली होती आणि ज्यांनी मला मत दिलं नव्हतं तेही ओट्यावर येऊन बसले होते. प्रत्येकाला वाटत होतं की मी पंतप्रधानांशी बोलणार. सोयाबीनच्या भावाचं सांगजा. मेडशीहून संध्याकाळी एक एस.टी. वाढवा म्हनून सांगजा. रोह्यायचं सांगजा, रानडुकरायचं सांगजा, पीक खाऊन राह्यले. मीही नाही म्हटलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

आमच्या गावाला वर टेकडीवर एक तांडा आहे, बंजारा लोकांचा. ग्रामपंचायत एकच. तांड्यातली तरुण माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परत येतात. मागं म्हातारे राहतात आणि शाळेत जाणारी लेकरं. त्या म्हाताऱ्यांतली एक बाई निघायच्या आदल्या दिवशी काठी टेकत माझ्याकडे आली. तांड्यात आईला याडी म्हणतात. तिला सगळा तांडा याडी म्हणायचा, म्हणून आम्हीही याडीच म्हणायचो. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्याउभ्याच म्हणाली,

"तू दिल्लीले जाऊन राह्यली म्हनते."

"हो याडी."

"नळाच्या पायी जाऊन राह्यली ना? मंग त्यायले एवढं सांगजो. नळ आला. पानी नाही आलं."

आणि ती निघून गेली.

मला माहीत नव्हतं असं नाही. योजना मी निवडून यायच्या आधीच पुरी झालेली होती. टाकी गावात, तांडा टाकीपेक्षा उंच. तांड्यात घरापुढं तोट्या बसल्या होत्या, नवीकोरी निळी नळी होती, पण पाणी चढत नव्हतं. खालच्या दोन-चार घरांना करंगळीएवढी धार यायची, वर तेही नाही. वरच्या बाया पूर्वीसारख्याच टेकडी उतरून विहिरीवर यायच्या. मी तालुक्याला दोनदा सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं होतं. आणि आता त्याच नळांसाठी मला दिल्लीला नेत होते.

रेल्वेत मी नवऱ्याला हे सगळं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "सांगून टाक. हिंदीत सांग. पह्यले नमस्कार कर अन मंग सांग." मग त्यानंच पंतप्रधान व्हायचं ठरवलं. समोरच्या बाकावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "बोलिए सरपंच महोदया." मी तीन वाक्यं पाठ केली होती, ती म्हणून दाखवली. डब्यातल्या एका पंजाबी आजोबांनी माझं लिंग-वचन सुधारून दिलं. भोपाळपर्यंत मला ती वाक्यं इतकी पाठ झाली की झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगितली असती.

दिल्लीत मात्र सगळं उलटं झालं, आणि त्यातली पहिली गोष्ट नवऱ्याची. उतरल्यावर आमच्या गळ्यात ओळखपत्रं घातली. माझ्यावर लिहिलं होतं 'सरपंच, जिल्हा वाशिम'. त्याच्यावर लिहिलं होतं 'सोबतचे'. फक्त एवढंच. जेवायला गेलो की लोक माझ्याशी बोलायचे आणि त्याला विचारायचे, "और आप?" तो पहिल्या दिवशी गप्प होता. दुसऱ्या दिवशी एका आसामी सरपंचानं विचारलं तर हसून म्हणाला, "मैं इनके साथ आया हूँ." मला खोलीवर आल्यावर म्हणाला, "तुले रोज असंच वाटत असन ना गावात?" त्यानं जे विचारलं त्यात उत्तर होतंच.

दुसरी गोष्ट भाषणाची. पहाटे अंधारातच बसमध्ये घातलं. फोन ठेवून घेतले, पाण्याच्या बाटल्या घेतल्या, नवऱ्याच्या खिशातली खर्ऱ्याची पुडी तपासणीवाल्या जवानानं हुंगून पाहिली आणि बाजूच्या टोपलीत टाकली. तिथं टोपलीभर तंबाखू आधीच जमली होती. सगळ्या देशाची. पाऊस भुरभुरत होता. आम्हाला पातळ रेनकोट दिले होते, ते घालून आम्ही खुर्च्यांवर बसलो. माझ्या एका बाजूला राजस्थानची सरपंच होती, हातभर बांगड्या घातलेली, दुसऱ्या बाजूला नवरा. आणि समोर तो तट, इतका उंच की मान वर करून पाहावं लागायचं.

पंतप्रधान आले ते मला बोटाएवढे दिसले. तीन वाक्यं कुणाला सांगायची, हा प्रश्न तिथंच मिटला. मला वाईट वाटलं, खरं सांगते. गावाला काय तोंड दाखवू असं झालं.

भाषणात ते काय बोलले ते सगळ्या पेपरात आलं, मी वेगळं काय सांगणार. त्यातलं काही मला पटलं, काही नाही पटलं. पण ऐकता ऐकता माझं लक्ष शब्दांवरून उडालं आणि त्या उभं राहण्यावर गेलं. एवढा मोठा माणूस, पण वर्षातून एकदा त्याला त्या ओट्यावर उभं राहावंच लागतं. पाऊस असो, काही असो. खाली लष्करातले लोक बसलेले, परदेशातले पाहुणे, शाळेतली मुलं, आणि रेनकोट घातलेले आम्ही. त्यांच्यासमोर सांगावं लागतं, हे केलं, हे करायचं आहे. कोणी टाळ्या वाजवील, कोणी घरी टीव्हीपुढं बसून शिव्या देईल. पण बोलावं लागतं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला एक संग्रहालय दाखवायला नेलं. तिथं एका अंधाऱ्या खोलीत पडद्यावर जुनी भाषणं लागली होती, त्याच तटावरची, आतापर्यंतच्या वेगवेगळ्या पंतप्रधानांची. आधी काळी-पांढरी, मग रंगीत. माणसं वेगळी, पक्ष वेगळे, बोलण्याची तऱ्हा वेगळी. बाकीचे पुढं गेले, मी तिथंच बाकावर बसून राहिले. नवरा शोधत आला. मी त्याला म्हटलं,

"आपल्या गावात सरपंच झेंडा फडकवते अन मंग काय करते?"

"जिलेबी वाटते."

"बोलत काहून नाही?"

त्यानं जरा विचार केला. "आतापर्यंत कोनी बोललंच नाही म्हनून."

त्या संध्याकाळी सगळ्या सरपंचांना जेवण होतं. पाणी खात्यातल्या एक वरिष्ठ बाई आमच्या टेबलाशी आल्या, वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या, साधी सुती साडी. विचारपूस करत होत्या. माझी पाठ केलेली वाक्यं पंतप्रधानांसाठी होती, पण मी ती त्यांना सांगितली. "नमस्ते मॅडम. हमारे तांडे में नल आया है. पानी नहीं आया."

नवऱ्यानं हातातला चमचा खाली ठेवला. मला वाटलं आता या म्हणतील, जेवण कसं आहे. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी बसल्या. टाकी कुठं, तांडा किती उंच, पंप कितीचा, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "यह बात आपकी ग्रामसभा ने कही है, या सिर्फ आप कह रही हैं?"

मी म्हटलं, "सिर्फ मैं."

"तो पहले ग्रामसभा से कहलवाइए. आप अकेली कहेंगी तो वह शिकायत होगी. गाँव कहेगा तो मुझे सुनना पड़ेगा."

आमची ग्रामसभा! वर्षात चारदा व्हायची. त्यातल्या दोनदा तरी तांडा ऊसतोडीवर असायचा आणि गाव आपापल्या कामात. ग्रामसेवक, उपसरपंच, मी, पाच-सात म्हातारे. गणपूर्ती होत नाही म्हणून सभा तहकूब व्हायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून पुढच्या वेळी तेवढ्याच माणसांत सगळे ठराव मंजूर व्हायचे. मी दिल्लीत होते त्या पंधरा ऑगस्टलाही तेच झालं होतं, सभा तहकूब. पण एक गोष्ट माझ्या बाजूची होती. श्रावण चालू होता आणि तांडा घरीच होता.

परत आलो तेव्हा मेडशीच्या स्टँडवर गावातली माणसं घ्यायला आली होती. त्यांनी सवयीनं नवऱ्याला हार घातला. "सांगा साहेब, काय म्हनले पंतप्रधान?"

त्यानं गळ्यातला हार काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तिले विचारा. मी सोबत गेलतो."

माणसं हसली. त्यांना ते गंमत वाटलं. मला मात्र त्या गर्दीत डोळे पुसायला पदर शोधावा लागला.

तहकूब सभा ग्रामपंचायतीच्या खोलीत घ्यायची नाही, शाळेच्या मैदानावर घ्यायची, असं मी ग्रामसेवकांना सांगितलं. ते म्हणाले, खुर्च्या कुठून आणायच्या? मी म्हटलं, लोक खाली बसतील. मग दवंडी दिली की सरपंच दिल्लीत काय पाहून आली ते सांगणार आहे. तांड्यावर मी स्वतः गेले, घरोघर. याडी तिच्या नळापुढं खाटेवर बसली होती. तिनं विचारलं, "सांगतलं का?"

"सांगितलं. पण ते म्हणतात, तुमीच सांगा."

"मंग येतो," ती म्हणाली.

त्या दिवशी मैदान भरलं. इतकी माणसं लग्नात असतात. बायका लेकरं घेऊन आल्या होत्या, तांडा सगळाच्या सगळा उतरला होता आणि एका बाजूला जरा अवघडून बसला होता. शाळेचा झेंड्याचा ओटा तीन फुटांचा असेल. त्यावर मी चढले, पदर खोचला. मी दिल्लीचं सांगितलं. बसचं, पावसाचं, तंबाखूच्या टोपलीचं. त्यावर सगळे हसले, पुरुष जास्तच. मग म्हटलं, "तिथं देशाचा कारभारी वर्षातून एकदा उभा राहून सांगते, काय झालं अन काय नाही. मी तुमची कारभारीन आहे. आज मी बी सांगतो."

वाक्य तोंडातून गेलं आणि मागं बसलेली माणसं पुढं सरकली.

मी सांगितलं. शाळेच्या भिंती झाल्या. पांदण रस्ता अर्धा झाला, पुढं नाल्याजवळ चिखल आहे, तुम्ही रोज पाहता. अंगणवाडीचं छत गळतं, ते झालं नाही. गावात नळाला पाणी येतं. तांड्यात नळ आहे, पाणी येत नाही. सरकारदरबारी आपलं गाव पुरं झालेलं आहे. ते पुरं झालेलं नाही. वर एक छोटी टाकी आणि वेगळा पंप पाहिजे. तसा ठराव आज करायचा का, ते तुम्ही सांगा.

उपसरपंच उठले. माणूस वाईट नाही, माझ्या सासऱ्यांच्या वयाचे, मुद्द्याचं बोलणारे. ते म्हणाले, "ताई, आपलं असं ठरलं होतं का वेशीवर कमान बांधायची. गावाची शोभा आहे. अन तांडा अर्ध वर्ष इथं नसतेच. कुलपाले पानी पाजायचं का?"

काहीजण हसले. तेव्हा याडी उठली. तिला उठायला वेळ लागला, दोन बायांनी धरलं. ती ओट्याकडे आली नाही, जिथं होती तिथूनच बोलली.

"पोरं जातेत. आमी कुठं जातो? मी हाय, माहा बुढा हाय, नातवं हायेत. पोरं गेली का पानी आनाले कोन राह्यते? मी राह्यतो. ह्या गुडघ्यानं उतरतो अन ह्या गुडघ्यानं चढतो. कुलूप नाही पेत पानी. मी पेतो."

उपसरपंचांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "कमान मंग पाहू. लिहा ठराव."

हात वर करा म्हटलं तेव्हा गावाकडच्या बाजूनं हात वर गेले, आधी बायकांचे. तांड्यातल्या माणसांनी जरा उशिरा केले, एकमेकांकडे पाहत, जणू आपला हात मोजतात की नाही याची खात्री नव्हती. ग्रामसेवक सह्या घेता घेता दमले. ओटा उतरून खाली आले तर माझ्या सासूबाईंनी, ज्या माझ्या सरपंचपदाबद्दल कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या, गर्दीत मला फक्त एवढंच म्हटलं, "आवाज पार मागपर्यंत येत होता." आणि घराकडे निघून गेल्या.

ठराव दिल्लीच्या बाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, पण त्यानं लगेच काही झालं असं नाही. जिल्ह्यावरून एक अभियंता येऊन मोजमाप करून गेला, मग शांत. दिवाळी झाली, तांड्याच्या गाड्या ऊसतोडीला निघाल्या. मला वाटलं, गेलं हे वर्ष. नवरा आणि उपसरपंच, दोघं माझ्यासोबत वाशिमला चकरा मारायला लागले. तिथं साहेबांच्या दारात आत कोण जाणार असं शिपायानं विचारलं की दोघंही माझ्याकडे बोट दाखवायचे. संक्रांतीनंतर काम सुरू झालं. टेकडीच्या माथ्यावर टाकी उभी राहिली, फार मोठी नाही. पंप बसला. पहिलं पाणी सोडलं तेव्हा तांड्यात म्हाताऱ्या आणि लेकरंच होती. नळीतून आधी हवा आली, मग लाल गढूळ पाणी, मग स्वच्छ. पोरं एकमेकांना भिजवत सुटली. याडीनं आपल्या तोटीखाली पितळी घागर लावली, भरू दिली, आणि मग ती तशीच भरलेली ठेवून खाटेवर बसून तिच्याकडे पाहत राहिली.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. एप्रिल-मे महिन्यात विहीर खाली जाते, तेव्हा दिवसाआड पाणी सोडावं लागतं, गावाला आणि तांड्याला सारखंच. त्यावरूनही कुरबुर होते. पण ऊसतोडीहून परत आलेली माणसं आता विहिरीवर भांडी घेऊन उतरत नाहीत.

आणि ओट्यावर बोलणं सुरू राहिलं. पुढच्या पंधरा ऑगस्टला मी न ठरवताच लोक झेंडावंदनानंतर खाली बसून राहिले. जिलेबी बाजूला थंड होत होती, कोणी उठेना. तेव्हा मला बोलावंच लागलं. त्या वर्षी अंगणवाडीच्या छताबद्दल मला पाच जणांनी उभं राहून विचारलं, त्यात माझ्याच जावेनं सगळ्यात कडक. छत झालं नव्हतं आणि का झालं नाही ते नीट सांगताना माझी दोनदा बोबडी वळली. पण घरी येताना मला हलकं वाटत होतं. जऊळक्याकडच्या एका गावचे सरपंच तेव्हा पाहुणे म्हणून आले होते, ते म्हणाले, "तुमी हे कायले लावून घेतलं मागं? लोक आता दरवर्षी विचारतीन." मी म्हटलं, विचारू द्या.

आता माझी मुदत संपत आली आहे. पुढचं पद पुन्हा बाईसाठीच राहील की नाही ते सोडतीवर आहे, पण उभं राहायची तयारी बायकांनी आधीच सुरू केली आहे. त्यातली एक तांड्यातली, याडीची सून. यंदा ती ऊसतोडीला गेली नाही. परवा दुपारी ती माझ्या ओसरीवर आली. हातातल्या पिशवीचे बंद पिळत बसली. मग म्हणाली,

"काकू, ओट्यावर उभं राह्यलं का मले मराठी सुचत नाही. आमच्या गोरमाटीत बोलले तं चालन का?"

"काहून नाही चालणार?"

"पन गावाले समजन का?"

"गाव शिकन थोडं थोडं. मी बी शिकतो. बोल पाहू."

ती लाजली, पदर नीट केला, उभी राहिली. माझा नवरा आत तूर पाखडत होता, तोही सूप घेऊन दारात येऊन थांबला. ती बोलायला लागली. आधी हळू, मग जरा मोठ्यानं, तांड्याच्या रस्त्याबद्दल, पोरांना शाळेत येताना आडव्या येणाऱ्या नाल्याबद्दल. मला अर्धं समजलं. जिथं समजलं नाही तिथं मी हात वर केला, आणि ती थांबून मला समजावून सांगू लागली.